गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजणाऱ्या ईएसपी३२ ला (वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डला) कोणती लिथियम बॅटरी लावू? ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) लिहिलेली १८६५० घेतली तर चालेल का?

९९०० ची घेऊ नका. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्याशा नळकांड्यात चांगल्या कंपन्यांनाही ३५०० एमएएचच्या फार पुढे जाता आलेलं नाही. मीसुद्धा सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही) अशीच एक आणली होती. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ३१ ग्रॅम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पूर्ण चार्ज करून हळूहळू उतरवली, तर हजारभर एमएएच निघाले. तेव्हापासून खिशाएवढा वजनकाटा सोबत नेतो. दुकानदार हसतात, हसू देत.

तुमच्या कामाला मुळात एवढी मोठी बॅटरी लागतही नाही. तुम्ही म्हणता, दर पंधरा मिनिटांनी मोजमाप घेऊन वायफायवर पाठवायचं आणि मध्ये डीप स्लीप, म्हणजे बोर्डाची गाढ झोप. समजा बोर्ड पाच सेकंद जागा राहिला आणि त्या वेळात सरासरी १०० मिलिअँपिअर ओढले, तर पंधरा मिनिटांवर पसरून ते जेमतेम ०.६ मिलिअँपिअर होतात. १५०० एमएएचची बॅटरीही कागदावर शंभर दिवस जाते.

कागदावर म्हटलं, कारण खरी गळती झोपेत होते. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये दहा-वीस मायक्रोअँपिअरवर येते, पण तयार डेव्ह बोर्डवर (चिप बसवलेल्या प्रयोगाच्या बोर्डवर) यूएसबीची चिप असते, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर असतो आणि कायम पेटलेला तो लाल एलईडी असतो. सगळे मिळून सहज १० मिलिअँपिअर खातात. मग २५०० एमएएचचा अस्सल सेलही दहा दिवसांत आडवा. आधी मल्टिमीटर लावून झोपेतला करंट मोजा. एलईडी उपटून टाका, शक्य असेल तर डेव्ह बोर्डाऐवजी ईएसपी३२ चं नुसतं मॉड्यूल वापरा, सेन्सरचा पुरवठाही झोपेत मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा. बॅटरी त्यानंतर निवडा.

निवड करताना मी आधी व्होल्टेज बघतो. नेहमीचा लिथियम आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७ आणि ३ च्या आसपास संपलेला. ईएसपी३२ ला ३.३ व्होल्ट लागतात. बोर्डावर बहुधा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो आणि त्याला स्वतःसाठीच एक व्होल्टच्या वर लागतो (यालाच ड्रॉपआउट म्हणतात). म्हणजे अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच वायफाय लावताना बोर्ड रीसेट व्हायला लागतो, आणि आपण सेलला शिव्या घालत बसतो. एक तर कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर लावा, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्या.

तुमच्या जागी मी दुसरा मार्ग धरेन. फॉस्फेटचा सेल बराच काळ ३.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो, त्यामुळे मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनला रेग्युलेटरशिवाय जोडता येतो. त्याच आकारात क्षमता कमी, १५०० च्या आसपास, पण वरच्या हिशेबात ती पुरते. शिवाय उन्हात तो जास्त सोशिक. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या बंद प्लास्टिकच्या डब्यात हात घालून बघा, म्हणजे मी हे का सांगतोय ते कळेल. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि चार्जिंगला सोलर पॅनल लावलंत, तर ते नेमकं भर दुपारीच जोरात चार्ज करतं. डबा टाकीच्या सावलीच्या बाजूला लावा, किंवा बॅटरी जिन्यात ठेवून वायर वर न्या.

मात्र चार्जर वेगळा लागेल. सगळीकडे मिळणारं टीपी४०५६ मॉड्यूल ४.२ व्होल्टपर्यंत चढवतं. फॉस्फेटला ३.६ वर थांबणारं हवं. टीपी५००० वर ती निवड असते. साधा लिथियम आयनच घेतलात, तर टीपी४०५६ वरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, म्हणजे चार्जिंग एक अँपिअरवरून ५८० मिलिअँपिअरवर येईल आणि मॉड्यूलही कमी तापेल.

चपट्या पाउच बॅटऱ्या गच्चीवर नकोत, फुगतात. घेतल्याच, तर कनेक्टरची पोलॅरिटी मोजल्याशिवाय जोडू नका. लाल-काळी वायर दोन विक्रेत्यांकडे उलटसुलट असते, माझा एक बोर्ड त्यातच गेला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल टेबलावरच्या प्रयोगांना ठीक, सोसायटीच्या गच्चीवर नकोत.

सेलला थेट सोल्डर करू नका, होल्डर घ्या. त्याची स्प्रिंग मात्र आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि मग विनाकारण रीसेट सुरू होतात. त्यापेक्षा निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड केलेला सेल मागा. लॅमिंग्टन रोडवर बॅटरी पॅक बांधून देणारे हे काम तिथल्या तिथे करून देतात.