बॉम्ब पडला कुठे? : हवाई हल्ल्यांचा इतिहास लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पत्र

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणे पूर्ण वाचली. मेहनत पानोपानी दिसते. विमानांच्या जाती, त्यांचा पल्ला, किती वजनाचे बॉम्ब ती नेऊ शकत, निशाणा साधण्याची यंत्रे कशी बदलत गेली, हे सारे तू काळजीपूर्वक लिहिले आहेस. परंतु या तीन प्रकरणांत एकही बॉम्ब जमिनीवर पडत नाही. तो विमानातून सुटतो आणि तिथेच तुझे वाक्य थांबते. हवाई बॉम्बफेकीच्या इतिहासाचे बरेचसे लेखन याच जागी थांबत आले आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. प्रत्येक हल्ल्यापाशी आल्यावर बॉम्ब प्रत्यक्षात कुठे पडला आणि ते आपल्याला कोणी सांगितले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, एवढेच मला सांगायचे आहे.

तुझी सुरुवातच घेऊ. १ नोव्हेंबर १९११ रोजी इटलीच्या जुलिओ गावोत्ती या वैमानिकाने त्रिपोलीजवळच्या ऐन झारा आणि ताजुरा येथे विमानातून चार छोटे बॉम्ब हाताने टाकले. हा प्रसंग तू इतका बारकाईने लिहू शकलास, कारण गावोत्तीने वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. म्हणजे विमानातून झालेल्या पहिल्या बॉम्बफेकीची सर्वांत प्रसिद्ध हकिगत बॉम्ब टाकणाऱ्याची आहे. ज्यांच्यामध्ये ते बॉम्ब पडले, त्या माणसांचे म्हणणे तुझ्या चार पानांत कुठेच नाही, आणि ते नाही याची नोंदही नाही. निदान ती नोंद तरी करायला हवी.

आराखड्यात गुजरांवाला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. शहरांवरच्या बॉम्बफेकीची कथा तू पहिल्या महायुद्धातल्या लंडनवरून सरळ १९३७ च्या स्पेनमधल्या गेर्निकावर नेतोस. परंतु १४ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, पंजाबातील गुजरांवाला येथे जाळपोळ झाल्यावर लाहोरहून ब्रिटिश हवाई दलाची विमाने पाठवण्यात आली, आणि त्यांनी शहरावर व जवळपासच्या गावांवर बॉम्ब टाकले, मशीनगनही चालवली. खालसा हायस्कूलच्या वसतिगृहावरही बॉम्ब पडला. हल्ला करणाऱ्या कॅप्टन कार्बेरीची साक्ष या घटनांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढे झाली. आपण दोनशे फुटांवर होतो, आपल्याला स्पष्ट दिसत होते आणि निर्दोष असा कोणीही दिसला नाही, असा तिचा आशय आहे. ही साक्ष मुळातून वाच. विमानात बसलेल्या माणसाला खालच्या माणसाचा दोष किंवा निर्दोषपणा दिसू शकतो, ही समजूत तिच्यात जितकी उघडपणे येते तितकी क्वचितच कुठे येत असेल, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते.

गुजरांवालाचे महत्त्व अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी आहे. इथे दोन्ही बाजूंची कागदपत्रे आहेत. एकीकडे हंटर समितीचा अहवाल आहे, ज्यात मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांच्यासह तिन्ही भारतीय सदस्यांनी आपले मत वेगळे नोंदवले. दुसरीकडे काँग्रेसने स्वतःची चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर यांनी लोकांच्या जबान्या नोंदवल्या व १९२० साली अहवालासह त्या प्रसिद्ध झाल्या. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचता येतील, अशी संधी या विषयात फार थोड्या ठिकाणी मिळते. त्यानंतर इराक आणि वझिरिस्तानात जे ‘हवाई नियंत्रण’ चालले, सैन्य पाठवण्यापेक्षा विमाने स्वस्त पडतात या हिशेबाने टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब टाकण्याचे जे धोरण झाले, ते या प्रसंगाला जोडून लिही. युरोपातील शहरांवर जे पुढे घडले त्याची सवय वसाहतींमध्ये आधी लागली होती, असे माझे मत आहे. तुला ते पटले नाही तर पुराव्यानिशी खोडून काढ.

दोन युद्धांच्या मधल्या सिद्धान्तांवर तू फार पाने खर्च केली आहेस, ती निम्मी कर. इटालियन सेनानी जुलिओ दुहे याने १९२१ मध्ये मांडलेली कल्पना, की शहरांवर आकाशातून मारा केला तर लोकांचे मनोधैर्य खचेल आणि तेच आपल्या सरकारला शरण जायला भाग पाडतील, आणि १९३२ मध्ये ब्रिटिश नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी संसदेत दिलेला इशारा, की बॉम्बफेकी विमान कसेही करून पोहोचणारच, एवढे सांगितले तरी पुरे. या दोन्ही विधानांमागे मोजमाप नव्हते, हे मात्र स्पष्ट लिही. कारण मोजमाप झाले तेव्हा जे निघाले, तो तुझ्या प्रबंधाचा गाभा व्हायला हवा.

ऑगस्ट १९४१ चा बट अहवाल तू एका तळटिपेत उरकला आहेस. तो प्रकरणाच्या मध्यभागी आण. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाचे वैमानिक रात्री जर्मनीवर जाऊन येत आणि लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगत. त्यांच्या सांगण्यावर नकाशे रंगवले जात. चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांच्या सूचनेवरून बट नावाच्या अधिकाऱ्याने जून आणि जुलै महिन्यांतल्या शंभर हल्ल्यांत विमानांतूनच घेतलेली ६३३ छायाचित्रे तपासली. लक्ष्यावर मारा केल्याचे ज्यांनी सांगितले होते, त्यांच्यापैकी तिघांत एकच विमान लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचले होते. जर्मनीतल्या धुराने झाकलेल्या औद्योगिक रूर खोऱ्यात हे प्रमाण दहात एक होते. पाच मैलांच्या आत म्हणजे लक्ष्यावर नव्हे, हेही लक्षात घे: एवढ्या वर्तुळात आख्खे शहर मावते. वैमानिक खोटे बोलत नव्हते. अंधारात, विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात, ढगांच्या वरून त्यांना जे दिसले असे वाटले ते त्यांनी सांगितले.

आता या निष्कर्षाचे काय झाले ते पाहा. नेमका निशाणा साधत नसेल तर निशाणाच मोठा करायचा, असे ठरले. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरी जनतेचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य झाले. कारखाना सापडत नाही म्हणून कामगाराचे घर. मार्च अखेरीस चेरवेल यांनी चर्चिलना एक टिपण पाठवले: जर्मनीतील ५८ मोठ्या शहरांवर मारा केला तर लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा बेघर होईल आणि त्याने लोक खचतील. आधाराला त्यांनी इंग्लंडमधल्या हल शहराचा अनुभव दिला होता. परंतु हल आणि बर्मिंगहॅम येथील हल्ल्यांच्या परिणामांची जी पाहणी सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली चालू होती, तिचा अहवाल काही दिवसांतच आला आणि त्यात दोन्ही शहरांत घबराट माजल्याचा पुरावा आढळला नाही असे म्हटले होते. हेन्री टिझार्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या शास्त्रज्ञांनी तर चेरवेल यांच्या आकडेमोडीतच दोष दाखवला. किती घरे पडतील याचा अंदाज कित्येक पटींनी फुगलेला आहे, असे दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले. त्यांचे ऐकले गेले नाही. (हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर भारत सरकारचे संरक्षण-विज्ञानाचे सल्लागार झाले, तो धागा कधीतरी वेगळ्या लेखासाठी धर.) आदेश आधी निघाला आणि टिपण नंतर आले, हा क्रम बिघडू देऊ नकोस, कारण अनेक लेखक टिपणामुळे धोरण ठरले असे लिहितात. धोरण आधीच ठरले होते, आकडे त्याच्या समर्थनार्थ जुळवले गेले, असे मला वाटते, आणि म्हणूनच हा प्रसंग मला अधिक गंभीर वाटतो.

त्या धोरणाचा शेवट हॅम्बुर्गमध्ये २७ जुलै १९४३ च्या रात्रीच्या अग्निवादळात आणि १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनमध्ये दिसतो. मी हे चुकीचे आणि अन्यायाचे मानतो; परंतु तुझ्या प्रबंधात निषेधाची वाक्ये हवाई दलातल्या तरुणांवर घालू नकोस. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. लक्ष्य त्यांनी निवडले नव्हते.

मृतांच्या आकड्यांविषयी फार जपून राहा. ड्रेस्डेनच्या एका अधिकृत कागदात वीस हजारांच्या जवळपास मृतांची नोंद होती. त्यावर एक शून्य वाढवून दोन लाखांचा आकडा पसरवण्यात आला आणि तो कित्येक दशके पुस्तकांत फिरत राहिला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने कबरस्तानांच्या आणि नोंदणी कार्यालयांच्या दप्तरांतून नावे जुळवत २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० हा निष्कर्ष दिला. मे १९४० च्या रॉटरडॅमवरच्या हल्ल्यात त्या वेळी ३०,००० मृत्यू सांगितले गेले, प्रत्यक्षात ते नऊशेच्या आत होते. फुगवलेला आकडा मेलेल्यांचा सन्मान करत नाही. तो उघडा पडला की खऱ्या मृत्यूंवरही शंका घेतली जाते.

याच्या उलट टोकाची चूकही टाळ. बॉम्बफेकीने काहीच साधले नाही, असे सरसकट लिहू नकोस. मे १९४४ पासून अमेरिकी विमानांनी जर्मनीच्या कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर मारा सुरू केला, तेव्हा त्या कारखान्यांतून निघणारे विमानाचे इंधन एप्रिलमधल्या १,७५,००० टनांवरून सप्टेंबरात ५,००० टनांवर आले. हे आकडे युद्धानंतर अमेरिकेने केलेल्या पाहणीतले आहेत. तेलाचे कारखाने बेचिराख होणे आणि घरे बेचिराख होणे यांचे परिणाम एकाच तराजूत मोजता येत नाहीत, हे त्याच पाहणीच्या पानांतून दिसते.

टोकिओवर तू चांगले लिहिले आहेस. ९ आणि १० मार्च १९४५ च्या मधल्या रात्रीचा हल्ला, आगलावे बॉम्ब घेऊन अगदी खालून आलेली २७९ विमाने, सुमारे एक लाख मृत्यू. त्यात एवढेच जोड, की फार उंचीवरून, वेगवान वाऱ्यांत नेमका मारा जमेना म्हणून हा बदल झाला. १९४२ साली ब्रिटिशांनी जे केले तेच अमेरिकेने तीन वर्षांनी केले: निशाणा चुकत होता, म्हणून निशाणा विस्तारला. आणि याच जातीची बी-२९ विमाने १९४४ मध्ये बंगालमधल्या खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून उडत होती, हे आपल्या वाचकाला ठाऊक नसते.

तुझे शेवटचे प्रकरण नियंत्रित बॉम्बांचे आहे आणि त्यात प्रश्न सुटल्यासारखा सूर लागला आहे. व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल शेकडो फेऱ्यांनी पडला नव्हता, तो मे १९७२ मध्ये लेसर-नियंत्रित बॉम्बांनी निकामी झाला, हे खरे. परंतु १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादच्या अमिरिया भागातल्या निवाऱ्यावर दोन लेसर-नियंत्रित बॉम्ब पडले, तेही अचूकच पडले, आणि आत आश्रयाला आलेले चारशेहून अधिक नागरिक मेले. ७ मे १९९९ रोजी बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर पडलेले बॉम्बही दिलेल्या जागीच पडले. जागाच चुकीची दिली होती. यंत्राने पाच मैलांचा फरक काही मीटरांवर आणला. खाली कोण आहे हे ठरवणे मात्र अजून माणसाच्या माहितीवर आणि मर्जीवर आहे, आणि कार्बेरीच्या साक्षीकडे परत जाऊन पाहिलेस तर त्याचा अर्थ लागेल.

काळाची मर्यादाही युद्धाच्या शेवटाशी थांबवू नकोस. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बांमधून पसरलेल्या छोट्या बॉम्बांपैकी सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत, आणि शेत नांगरणारे शेतकरी व खेळणारी मुले त्यांनी नंतर कित्येक वर्षे मरत राहिली. क्लस्टर बॉम्बांवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला. भारत त्यात सामील नाही. नागरी वस्तीच्या संरक्षणाचे नियम स्पष्ट करणाऱ्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा करारातही भारत नाही. हे दोन्ही उल्लेख प्रबंधात येऊ देत.

आणि त्याच न्यायाने आजच्या मिझोरामची राजधानी ऐझॉलही येऊ दे. मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटच्या उठावाच्या वेळी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. आपले सरकार आहे म्हणून प्रश्न बदलत नाहीत. त्या वेळी शाळकरी वयाची असलेली माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत, त्यामुळे ग्रंथालयात बसून राहण्यापेक्षा आधी तिकडे जा. मिझोराममध्ये जायला इनर लाइन परमिट लागते, त्याचा अर्ज वेळेत कर. मिझो भाषा जाणणारा सोबती तिथल्या महाविद्यालयातून मिळेल का, याची चौकशी मी सुरू केली आहे. जाण्यापूर्वी गुजरांवालाच्या जबान्यांचे टिपण मला पाठव, म्हणजे ऐझॉलमध्ये कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे आपण बसून ठरवू.

तुझा हितचिंतक