तेइकापासून सुरुवात करताय? मग एवढं सांभाळा

जुनी जपानी कविता वाचायला फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) हा दरबारी कवी निवडलात, फार छान केलंत. फक्त त्याच्या रोजनिशीला एवढ्यात हात घालू नका. बरेच जण तिथेच दमतात. ही रोजनिशी, ‘मेइगेत्सुकी’, चिनी वळणाच्या भाषेत आहे. दरबारी समारंभ, दुखणी आणि रखडलेल्या बढतीची खंत यांनी भरलेली. ती नंतर.

आधी ‘ह्याकुनिन इश्शू’ हा संग्रह घ्या. शंभर कवी, प्रत्येकाची एकच वाका, म्हणजे छोटी जपानी कविता. निवड तेइकाचीच मानतात. रोज एक पुरे.

नवख्यांच्या दोन चुका हमखास होतात:

- वाकाला हायकू समजणं. हायकू १७ मात्रांचा, वाका ३१ मात्रांची: ५-७-५-७-७. अर्थ नंतर बघा, आधी बोटांवर मोजत मोठ्यानं म्हणा.
- कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच असं धरणं. संग्रहातली ९७ वी, तेइकाची स्वतःची कविता बघा. मात्सुहोच्या किनाऱ्यावर सांजवेळी वारा पडलाय, मिठासाठी समुद्रशेवाळ जळतंय, आणि तसंच जळत कुणीतरी वाट पाहतंय. बोलणारी आहे एक स्त्री. लिहिणारा पन्नाशी ओलांडलेला दरबारी! ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणंही, म्हणून ते गाव. मला ही कविता अजून सोडत नाही.

चरित्रातलं सध्या एकच धरून ठेवा: निवृत्त सम्राट गो-तोबाशी असलेलं नातं. त्यानंच तेइकाला वर आणलं, ‘शिन कोकिनश्यू’ या दरबारी काव्यसंग्रहाच्या संपादनात घेतलं, आणि १२२० मध्ये दूरही केलं. पुढच्याच वर्षी सम्राट स्वतः ओकी बेटावर हद्दपार झाला.

जुन्या कवितांचे धागे नव्यात कसे विणतात, ते पन्नासेक वाका झाल्यावर विचारा. आवर्जून सांगेन.