माळावर साग लावायचाय, सरकार पैसे देतंय का?

प्रश्न : ताई नमस्कार, उत्तर सोलापूर तालुक्यात माझा दोन एकर मुरमाड माळ आहे, ज्वारी पण धड येत नाही तिथं. गावातला एकजण म्हणतोय साग लाव, सगळा खर्च सरकार देतंय. खरंय का, आणि जायचं कुणाकडं?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, पैसे मिळतात हे खरं, पण एकरकमी हातात येत नाहीत. रोजगार हमीतून स्वतःच्या शेतात, बांधावर, पडीक रानात झाडं लावायची सोय आहे, 12 एप्रिल 2018 च्या जीआरमध्ये साग, कडुलिंब, बाभूळ, चिंच, सीताफळ, बांबू असं बरंच काही आहे आणि काम सामाजिक वनीकरण बघतं. अल्पभूधारक असाल तर आधी ग्रामपंचायतीतून जॉबकार्ड काढा, ग्रामसभेत नाव घालून घ्या. तुम्ही स्वतः खड्डे काढायचे, हजेरी मस्टरवर लागते आणि मजुरी थेट खात्यात जमा होते.

जॉबकार्ड नसेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना बघा. 2018-19 पासून आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं. आपल्याकडं कमीत कमी 0.20 हेक्टर लागतं, तुमचे दोन एकर म्हणजे साधारण 0.80, त्यामुळं तिथं अडचण नाही.

पण सागाचं मनातून काढा. त्याला खोल, निचऱ्याची जमीन लागते, मुरमावर काठीसारखा उभा राहतो नुसता. सीताफळ, चिंच, कडेनं कडुलिंब, हेच टिकतं आपल्याकडं.

आणि संख्येच्या मागं लागू नका हो! रोजगार हमीच्या फळबागेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचे पैसे झाडं जगली तरच, कोरडवाहूला 75 टक्के, बागायतीला 90 टक्के जिवंत पाहिजेत. आमच्या रानात पहिल्या वर्षी कडुलिंब लावले, पावसाळ्यात छान फुटले, दिवाळीनंतर एक दिवस जाऊन बघते तर शेळ्यांनी एकूणएक शेंडा खुडलेला, खाली नुसती वीतभर काडी, त्या दिवशी लई वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या, आळ्यात पाचट टाकलं, तेव्हा कुठं जगले. एप्रिल-मेमध्ये घागरीनं किती झाडांना पाणी घालणं होईल तेवढीच लावा.

अजून एक, नान्नजकडचा माळ असेल तर तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे, 1979 पासूनचं. त्या पक्ष्याला उघडं गवताळ रान लागतं, दाट झाडीत तो राहत नाही. आपला गट हद्दीत येतो का ते वनविभागात आधी विचारा, आणि चांगलं गवत असलेला तुकडा तसाच राहू द्या, जनावरांना वैरण पण होते.

सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक यांची झेरॉक्स घेऊन ग्रामपंचायतीत जा, अर्जाची पोच मात्र न विसरता घ्या.