अर्धं मॅच म्हणजे पोरगी वाचायचा चान्स पण अर्धाच का?

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी पेशंटला देण्याचं, ऐकून आलेले बहुतेक आईबाप माझ्यापुढं हाच प्रश्न ठेवतात. आपल्या सोलापुरातल्याच एका घराचं सांगते, ओळख बदललीय. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, मुलगी 11 वर्षांची, ब्लड कॅन्सर केमोनंतर परत आलेला. 17 वर्षांच्या भावाची एचएलए टेस्ट, म्हणजे पेशींची ओळख जुळते का ते बघायची तपासणी, केली तर काहीच जुळलं नाही, वडिलांचं अर्धं जुळलं. भाऊ मान खाली घालून बसलेला, कारण शेजारचं कुणीतरी बोलून गेलेलं, सख्खा असून जुळत नाही म्हणजे काय. फार वाईट वाटलं मला त्या पोराचं.

मी टेबलावर चार धागे ठेवले, एकेक धागा म्हणजे पेशींच्या ओळखीचा एकेक संच. वडिलांचे लाल आणि हिरवा, आईचे पिवळा आणि निळा, लेकराला दोघांकडून एकेकच मिळतो. पोरीला लाल-पिवळा आला, भावाला हिरवा-निळा. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायचा चान्स 25 टक्के, अर्धं जुळायचा 50 आणि अजिबात न जुळायचा पण 25, यात त्याचा काय दोष? वडिलांनी लाल धागा बोटाला गुंडाळला, म्हणाले, "म्हंजे ताई, माझा एक धागा पोरीत हायच की ओ."

हायच. आणि हे अर्धं म्हणजे पेशींच्या ओळखीचं माप, जगायच्या चान्सचं नाही. पूर्वी अर्ध्या मॅचला डॉक्टर घाबरायचे, दात्याच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठायच्या, आता ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं केमोचं औषध देतात, त्यात त्या चवताळलेल्या पेशी बऱ्याचशा मरतात आणि नवीन रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी टिकतात. तरी धोका आहेच, इन्फेक्शन, कॅन्सर परत येणं, सगळं स्पष्ट सांगितलं, लपवलेलं मला पटत नाही.

आईला वेगळीच काळजी, हे परत मागावर उभं राहतील का. अहो, हाडं कापत नाहीत, चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग शिरेतून रक्त काढून मशीनवर काही तास, थोडे दिवस अंग दुखतं, दिलेल्या पेशी शरीर परत बनवतं. भावाकडं मी औषधांच्या वेळांची वही दिली.

ट्रान्सप्लांट पुण्यात झालं. बऱ्याच महिन्यांनी आईचा फोन, "ताई, पोरीचा ब्लडग्रुप माझ्यासारखा 'बी' होता, आता ह्यांचा 'ओ' झाला बगा!" अजून बोलायचं होतं तिला, पण मागून भाऊ ओरडत होता, आठ वाजले, गोळी दे आधी.