चौथी भिंत राहून गेली

नागपूर

पोरी,

निबंध वाचला. 'फॅरनहाइट ४५१'वर लिहितेय म्हणालीस तेव्हाच मला धास्ती होती की तू पुस्तकबंदीच्या बातम्या एकाखाली एक मांडशील. तसंच झालं. बातम्या खऱ्या आहेत गं, पण कादंबरी तेवढ्यात संपत नाही. रे ब्रॅडबरीने पुस्तकांना आग पहिल्याच पानावर लावली असली, तरी त्याने कल्पिलेल्या समाजाच्या इतिहासात ती सगळ्यात शेवटी येते.

बीटीचं लांबलचक भाषण पुन्हा काढ. पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांचा हा कॅप्टन आपल्या हाताखालच्या बंबवाल्याला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, माँटॅगला सांगतो, सुरुवात सरकारी हुकमाने झालीच नव्हती. आधी अभिजात ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात कोंबले, मग दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. कोणाला काही टोचू नये म्हणून टोकं घासत गेले. वाचणारे उरले नाहीत, तेव्हा बंबवाल्यांना नवं काम मिळालं. अर्थात बीटी सत्तेचा माणूस आहे. सगळं लोकांच्या माथी मारणं त्याच्या सोयीचं, हेही लिही.

आता तुझ्याच अभ्यासिकेत मान वर करून बघ. कोणाच्या टेबलावर अख्खं पुस्तक आहे? सारांश, अपेक्षित प्रश्न, वन-लायनर. बंदी कोणी घातली? पोरांना मी दोष देत नाही. जागा मूठभर, उमेदवार लाखो, आणि गुण मिळतात ते ओळ पाठ असल्याचे. पण बीटीच्या त्या दहा-बारा ओळी तुला अमेरिकेत शोधाव्या लागणार नाहीत.

आणि मिल्ड्रेडला तू एका वाक्यात उरकलंस, ते मला अजिबात आवडलं नाही. माँटॅगची ही बायको कादंबरीतलं सगळ्यात भीतिदायक पात्र आहे, बंबवाल्यांच्या यांत्रिक शिकारी कुत्र्यापेक्षाही. घरात तीन भिंतभर टीव्ही आहेत, तिला चौथी भिंत हवी. किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. मालिकेत तिच्यासाठी रिकामी जागा सोडलेली असते. पात्रं तिच्याकडे वळून मत विचारतात, ती हातातल्या कागदावरचं वाक्य म्हणते, आणि आपण भाग घेतला म्हणून खूश होते. गोष्ट कशाबद्दल आहे विचारलं तर सांगता येत नाही. नवरा-बायको पहिल्यांदा कुठे भेटले, तेही दोघांना आठवत नाही. हे छापलंय १९५३ साली! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न उघडलेल्या लेखाखाली पडणारे अंगठे आठव. बोलल्याचं समाधान आहे, बोलणं नाही. तुझा निबंध इथून सुरू व्हायला हवा.

एक प्रश्न तुला टाळता येणार नाही. नागपुरात हा विषय काढलास की कोणीतरी विचारणारच: २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, त्याचं काय? गडबडू नकोस. तिथे जाळणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती, आणि कोणी वाचू नये असा हेतूही नव्हता. बाबासाहेबांनी तो ग्रंथ बारकाईने वाचला होता, पुढेही त्यावर लिहीत राहिले. बंबवाला मात्र वाचतच नाही; वाचायला लागला की तो माँटॅग होतो.

याच वाटेने मला ब्रॅडबरीशी एक भांडण आहे. त्याच्या शेवटी पुस्तकं पाठ करून जपणारे लोक भेटतात, रुळांच्या कडेने भटकणारे, आणि त्यांत बरेचसे जुने प्राध्यापक. म्हणजे पुस्तक वाचवणार कोण, तर ज्याच्याकडे ते आधीपासूनच होतं तो. विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर उभी राहा. ज्यांच्या आजा-पणजांना अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, ती माणसं गावाकडून येतात आणि परतीच्या पिशवीत संविधानाची प्रत घेऊन जातात. या वाचकाची कल्पना त्या कादंबरीत नाही. हे तुला लिहिता येईल. परदेशी समीक्षकाला सुचणं कठीण.

बातम्यांची दोन पानं काढून टाक, एखादीच ठेव. कादंबरीचा सारांशही नको, आयोजकांनी ती वाचलेली असेल असं धरून चाल. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, आणि या वेळी टाइप करून. तुझं अक्षर मला चष्म्यातूनही लागत नाही.

तुझे
सर