कूलंटमध्ये ॲडिटिव्ह टाकल्याने इंजिनचं तापमान खरंच कमी होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात जुन्या डिझेल गाडीचा काटा वर चढतो. दुकानदार म्हणतो, ही बाटली कूलंटमध्ये ओता, इंजिन दहा-पंधरा डिग्रीने थंड राहील. घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. गाडी कशामुळे तापते ते आधी शोधा. हे मी मनापासून सांगतोय, कारण बाटली टाकून निर्धास्त झालेला माणूस तसाच घाट चढतो आणि मग हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलचा) खर्च अंगावर घेतो.

ते ॲडिटिव्ह म्हणजे फसवणूक आहे असं माझं म्हणणं नाही. त्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं रसायन असतं. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास धातू इतका तापतो की तिथे वाफेचे बारीक बुडबुडे धरतात. वाफेतून उष्णता नीट जात नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब न उकळता नाचत राहतो, तसंच काहीसं. पृष्ठताण कमी झाला की बुडबुडे लवकर सुटतात आणि पाणी धातूला भिडतं. हा फायदा खरा आहे, पण तो सगळ्यात जास्त दिसतो नुसत्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीत. रेसच्या अनेक ट्रॅकवर ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) चालत नाही, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो. तिथे पाणी आणि ॲडिटिव्ह ही जोडी शोभते. तुमच्या गाडीत ग्लायकॉलचं मिश्रण आहे, त्यात फरक फारच थोडा पडतो.

शिवाय इंजिन किती तापमानाला चालणार हे थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह, ठरवतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. गाडी ठणठणीत असेल तर ॲडिटिव्ह टाकूनही इंजिन तिथेच चालेल, थर्मोस्टॅट तेवढा कमी उघडेल इतकंच. आणि गाडी खरोखर तापत असेल तर, तो बिघडलेला नसल्यास, आधीच पूर्ण उघडलेला असतो. अडचण असते रेडिएटरमधून हवेत उष्णता जाण्याची. पाण्यातलं रसायन बाहेरच्या हवेचं काय करणार? घाटात इंजिनवर जोर पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे समोरून वाराही कमी. त्यात उन्हाळा आणि एसी.

म्हणून गाडी कधी तापते ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. नाशकात द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते? मग फॅन बघा: मोटर, रिले, फ्यूज, किंवा बेल्टवरचा फॅन असेल तर त्याचं व्हिस्कस कपलिंग (गरम झालं की फॅनला पकडून फिरवणारा जोड). सिग्नलवर ठीक, पण हायवेला वेगात किंवा चढावर तापते? मग रेडिएटर चोक, म्हणजे तुंबलेला, असण्याची शक्यता मोठी. तुमची लक्षणं याच बाजूची वाटतात. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत किडे, माती, वाळकी पानं बसतात आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते. कंडेन्सर मोकळा करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला कमी दाबाने पाणी मारायला सांगा. जोराच्या प्रेशरने पत्र्या दुमडतात.

आतून चोक झाला असेल तर कारण बहुधा पाणी. आपल्याकडे कित्येकजण बोअरचं पाणी भरतात. त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि पातळ थरही उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. उलट काहीजण कॉन्सन्ट्रेट कूलंट तसंच ओततात, 'घट्ट म्हणजे चांगलं' या समजुतीने. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं; निम्मं-निम्मं मिश्रणसुद्धा पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मागे पडतं. नाशकात कूलंट गोठायची भीती नाही, तेव्हा मॅन्युअलमध्ये उष्ण हवामानासाठी जे कमी प्रमाण दिलं असेल तेच ठेवा. नुसतं पाणी मात्र नको, गंजरोधक कूलंटमधूनच मिळतो. रंग बघून दोन कूलंट मिसळू नका. रंग सारखा म्हणजे रसायन सारखं नव्हे.

रेडिएटरची कॅप स्वस्त असते आणि हमखास विसरली जाते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, तो बारमधला दाब. इगतपुरीच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. साधारण एक बार दाब धरला की तेच १२० पर्यंत टिकतं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर हा सगळा फायदा गेला. ती इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा.

काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. हलतो तेव्हा तापमान बरंच चढलेलं असतं. गाडीत ओबीडी पोर्ट (इंजिनची माहिती वाचायचं सॉकेट) असेल तर त्याला लागणारा साधा स्कॅनर घ्या, मोबाईलवर खरा आकडा दिसतो. बाटलीवर घालायचे पैसे मी यात घालीन.

एखादा मिस्त्री 'थर्मोस्टॅट काढून टाकू' म्हणेल. नका काढू. इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते, आणि चोक झालेला रेडिएटर तसाच राहतो. संशय असेल तर नवा बसवा.

घाटात पुन्हा काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, आणि सुरक्षित जागा बघून थांबा. घाम निघेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका.

हे सगळं झाल्यावर काही दिवस सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघत जा. कुठेही गळती नसताना ती उतरत असेल, किंवा इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटची तपासणी करून घेतल्याशिवाय कसाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.