अॅनालॉग स्कॅन पास, पण कोपऱ्यातले पिक्सेल गप्प: चिप बदलू नका

तुमचं म्हणणं असं, की चार चिपांचं पिक्सेल डिटेक्टर मॉड्यूल (कण टिपणारा सेन्सर आणि त्याला जोडलेल्या वाचक चिप) थर्मल सायकलिंगनंतरही (वारंवार थंड-गरम केल्यावरही) डिजिटल आणि अॅनालॉग स्कॅनमध्ये पास होतंय, पण स्ट्राँशियम-९० या बीटा सोर्सखाली ठेवलं की एका कोपऱ्यात हिट येत नाहीत. चिप खराब आहे का?

चिप बहुधा ठणठणीत आहे. डिजिटल स्कॅनमध्ये आपण पल्स थेट लॉजिकमध्ये घालतो, अॅनालॉगमध्ये एका छोट्या कपॅसिटरमधून अॅम्प्लिफायरच्या इनपुटला चार्ज देतो. दोन्ही कारभार चिपच्या पोटातच उरकतात. सेन्सर आणि चिप जोडणारा बंप (धातूचा इवलासा गोळा) तुटला असला तरी या स्कॅनना त्याचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे ‘१०० टक्के पास’ पाहून कुणी मॉड्यूल पुढे पाठवलं, की मला धास्ती वाटते.

कोपराच का, याचा हिशोब सोपा आहे. एक अंश तापमानाला सिलिकॉन दर दहा लाखांत सुमारे २.६ भाग प्रसरण पावतं, तांबं सुमारे १७. वर चिकटवलेल्या फ्लेक्समध्ये (लवचिक सर्किटमध्ये) तांबं असतं. नुसतं तांबं धरलं, तर ४ सेंमी लांबी आणि ८० अंशांच्या फरकाला ही तफावत ४६ मायक्रॉनच्या आसपास जाते. तुमचा पिक्सेलच ५० मायक्रॉनचा. ही सगळी ओढाताण कडांवर आणि कोपऱ्यांवर येते, आणि तिथले बंप आधी सुटतात.

पण निदान करण्याआधी सावली तपासा. सोर्स फ्लेक्सच्या बाजूला असेल, तर कपॅसिटर आणि कनेक्टर बीटा कण अडवतात. त्या जागी हिटमॅपवर सरळ कडांचे फिकट चौकोन दिसतात. तिथे हिट कमी असतात, शून्य नसतात. नवखी मंडळी यालाच तुटके बंप समजतात. फ्लेक्सचं ड्रॉइंग हिटमॅपवर ठेवून पाहा, मिनिटभराचं काम आहे.

सावली नसेल, तर थ्रेशोल्ड स्कॅन (चार्ज वाढवत नेऊन पिक्सेल कधी हिट देतो ते पाहणं) दोनदा घ्या: एकदा पूर्ण बायसवर (सेन्सरला दिलेल्या व्होल्टेजवर), एकदा बायस शून्य करून. त्यातून मिळणाऱ्या एस-कर्व्हची (चार्जनुसार हिट कसे वाढतात त्या आलेखाची) रुंदी म्हणजे नॉइज. सेन्सर जोडलेला असेल, तर बायस काढल्यावर कपॅसिटन्स वाढतो आणि नॉइजही वाढतो. बंप तुटलेला पिक्सेल मात्र दोन्ही वेळा तेवढाच शांत राहतो. दोन्ही नकाशांची वजाबाकी केली, की तुटलेला भाग उठून दिसतो. मास्क केलेले (मुद्दाम बंद ठेवलेले) पिक्सेल आधी वगळा, नाहीतर उगाच घोळ होईल.

आयव्ही कर्व्हबद्दलही (व्होल्टेजनुसार करंटच्या आलेखाबद्दलही) विचारलंय, तर थोडक्यात: सेन्सरचा लीकेज करंट दर ७ अंशांना जवळपास दुप्पट होतो, म्हणून आधीचा आणि नंतरचा कर्व्ह एकाच तापमानाला आणून मगच ताडून पाहा. थंड करताना दवबिंदूवर नजर ठेवा.

आता खरी अडचण. सायकलिंगच्या आधीचा सोर्स स्कॅन तुमच्याकडे आहे का? नसेल, तर बंप मुळातच नीट बसले नव्हते, की नंतर सुटले, हे या मॉड्यूलवरून ठरवता येणार नाही. पुढच्या मॉड्यूलला फ्लेक्स चिकटवून वायरबाँड (बारीक तारांचे जोड) झाले, की लगेच एक सोर्स स्कॅन घ्या आणि सायकलिंग संपल्यावर दुसरा. या मॉड्यूलचे दोन्ही बायसचे नॉइज नकाशे इथे टाका, मी पाहतो.